हिरवा धागा

"बाई, दगड पडला!"

गोदामवाले मामा दारातूनच ओरडले, तशा मॅनेजरबाई हातातला चहा टाकून धावल्या. मागच्या तुळईला दोरांचे तुकडे ओळीने टांगलेले होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन माणसांच्या वजनाचा दगड. त्यातला एक दगड जमिनीवर आला होता. वर नुसतं पिंजलेलं टोक लोंबत होतं.

कारखान्यातून दोराची खेप बाहेर पडली की तिचा एक तुकडा इथे टांगायचा. माल विकला गेला तरी तुकडा लटकतच राहायचा, आणि तो तुटला की ती अख्खी खेप गिऱ्हाइकांकडून परत आणायची, हा थोरल्या मालकांचा नेम. "विकला म्हणजे हात झटकले असं नाही," ते म्हणायचे. "दोर जीर्ण होईपर्यंत त्याच्यावर लटकणाऱ्याचा जीव आपल्या गळ्यात." एकदा अशी खेप परत आणताना त्यांनी राहतं घर विकलं होतं. लोकांनी वेड्यात काढलं. पण पुढे बाजारात दोर कुणी ओढून बघेना. पिळात कारखान्याच्या खुणेचा हिरवा धागा दिसला, की घेतला.

आज पडलेला दगड नव्या सुताच्या खेपेचा होता. धाकट्या मालकांनी हे स्वस्त सूत आणलं तेव्हाच बाईंना ते हाताला पोकळ लागलं होतं. पण तेव्हा पगार थकले होते. बाई मूग गिळून बसल्या. गेलं वर्षभर सगळा माल त्याच सुताचा निघत होता.

धाकटे मालक त्यांच्या डोळ्यांदेखत मोठे झालेले. चारचौघांत बाई त्यांना अहो-जाहो करत, दार लावलं की अरे-तुरे.

"खेप परत मागवायला हवी रे."

"मावशी, उद्या कारखाना विकत घेणारे बघायला येतायत. आज हा बोभाटा झाला तर ते दारातूनच मागे फिरतील."

"आणि कुणी पडला तर?"

"रात्रंदिवस ताणून कोण ठेवतं दोर? निघेल वर्षभर. तोवर ही डोकेदुखी त्यांची झालेली असेल."

"डोकेदुखी काय म्हणतोस? माणसं लटकतात त्यावर!"

"आणि इथे एवढी माणसं पगारावर लटकलीयेत, त्यांचं काय? बाबांकडे विकायला घर तरी होतं. मला काय हौस आहे का, मावशी? तुम्ही सांगा दुसरा मार्ग, आत्ता करतो."

बाईंना मार्ग सुचेना. त्यालाही खरंच सुचत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"सूत घेताना तुम्हीही होतातच की," तो हळूच म्हणाला. "ते दगड तेवढे काढून घ्या. सगळेच. बघणाऱ्याला उगाच प्रश्न पडतात."

बाई आणि मामा एकेक दगड उतरवत गेले. शेवटचा तुकडा थोरल्यांनी स्वतःच्या हातांनी टांगलेला. त्याची गाठ इतकी बसली होती की काही केल्या सुटेना. शेवटी बाईंनी सुरी घेतली आणि कापला.

"अजून धरून होता हो तो," मामा म्हणाले आणि तोंड फिरवून बाहेर गेले.

बाईंनी तो तुकडा पिशवीत टाकला. आयुष्यभर आपण दोर नाही, भरवसा विकला, आणि आज त्याच भरवशावर खराब माल खपतोय. त्यांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या उंच इमारतीपाशी त्यांचे पाय थबकले. रंगारी फळीवर बसून वरून खाली सरकत होता. पहिल्या मजल्याशी आला, आणि बाईंना दोराच्या पिळातला हिरवा धागा दिसला.

"अहो, उतरा खाली! दोर कधीचा आहे?"

"परवाच घेतला. नवा कोरा!" तो उतरत म्हणाला.

"वापरू नका. खराब आहे. तुटेल."

रंगाऱ्याने दोर त्यांच्यापुढे धरला. "हिरवा धागा आहे बाई. माझा बाप जन्मभर ह्याच्यावर लटकला आणि अंथरुणात मेला."

"मी त्याच कारखान्याची मॅनेजर आहे."

तो खो खो हसला. "कुठल्या दुसऱ्या कंपनीच्या तुम्ही? खरं सांगा. आपल्याच मालाला खराब म्हणणारा मॅनेजर कधी असतो होय!"

"असायचा," बाई म्हणाल्या. "उद्या बदलून देते. पण आज चढू नका, पाया पडते तुमच्या."

बदलून काय देणार होत्या? गोदामात दुसरा दोर होता कुठे?

त्यांचं तोंड पाहून रंगारी जरा वरमला. "बरं, उद्या द्या बदलून. आज एवढी भिंत संपवू द्या. नाहीतर रोज बुडेल माझा."

आणि तो जिन्याने वर गेला.

थोड्या वेळाने फळी पुन्हा गच्चीवरून हळूहळू खाली येऊ लागली. बाई भिंतीलगत सरकल्या, बरोबर फळीच्या खाली. अंगावर रंगाचे थेंब पडत होते. त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली, हात मोकळे असावेत म्हणून, आणि मान वर करून उभ्या राहिल्या.