भरल्या टाकीचा गिअर

दुष्काळात दूध सोसायटीचं संकलन बंद पडलं, तवा चेअरमननं सोसायटीच्या जीपमागं पाण्याची टाकी जोडली. धारूरच्या घाटाखालून आमच्या वस्तीवर पाणी चढवायचं. आठवड्यातच चारी चाकांना जोर देणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या गिअरचे दात गेले.

"पार्ट मिळत न्हाई. तूच बनव," ड्रायव्हर आश्रुबा माझ्या वर्कशॉपात येऊन म्हणाला.

बनवतो की! लेथवर मीच, वेल्डिंगला मीच. जीप हळू चालंल, पण भरली टाकी ओढंल, असा गिअर केला. डोळे सुजले, पाठ धरली.

दुसऱ्या दिवशी जीप न थांबता वर आली. बाया घागरी घेऊन धावल्या. माझ्या बायकोनं, बायनाबाईनं, तोटी फिरवली. टाकी कोरडी.

"पाणी कुटं गेलं बे?" मी खेकसलो.

"घाटातल्या बाया टाकीसंगं चालत आल्या, तोटी उघडून घागरी भरत," आश्रुबा म्हणाला. "चढाला थांबून कुनाकुनाला हाकलू? आदी जीप पळायची, कुनाला गाठता यायची न्हाई."

बायनाबाईनं रिकामी घागर कडेवर घेतली.

"उद्या मी बी खालीच जाते," ती म्हणाली. "टाकीसंगं चालत येते."