पान न पाडणारी

"या अंगणात पान पाडणारं झाड ठेवायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

हे वाक्य मी माझी पहिली कळी उमलायच्याही आधी ऐकलं. मी कण्हेर बोलतेय, लाँड्रीच्या मागच्या अंगणातली. तुम्ही दुकानात पुढच्या दाराने येता, गठ्ठा टाकता आणि निघून जाता, म्हणून आपली ओळख नाही. तुमच्या चादरी मात्र मला चांगल्या ओळखतात. रस्त्यावरची धूळ त्यांच्यावर बसू नये म्हणून तर मी मध्ये उभी आहे.

नियम आजोबांचा. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकतीच लाँड्री काढलेले तरणेबांड गृहस्थ होते. अंगणात बदामाचं झाड होतं आणि वाळणाची दोरी त्याच्याच खोडाला बांधलेली होती. एकदा त्याचं एक ओलं पान एका हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरीला चिकटलं आणि विटकरी डाग पडला. सोडा झाला, उकळून झालं, नीळ झाली, डाग काही जाईना. हॉटेलवाल्याने चार माणसांत सुनावलं. त्याच आठवड्यात आजोबांनी बदाम तोडला, बुंध्याला लागूनच लोखंडी खांब रोवला, दोरी पुन्हा होती तिथेच बांधली आणि वर नियम केला.

बदामाचा बुंधा अजून आहे, माझ्या शेजारी, गुडघाभर उंच. त्याच्यावर चिमट्यांची टोपली ठेवतात. माझी मुळं लहान होती तेव्हा त्याच्या जुन्या मुळांना लागायची. मी अंग चोरून वळसा घ्यायचे.

मला आजोबांनीच आणलं. रस्त्याच्या कडेची एक काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून. "ही बारा महिने हिरवी," ते सगळ्यांना सांगायचे, "पान म्हणून पाडत नाही. घरातली थोरली लेक समजा."

आता खरं सांगू? पानं मीही पाडायचे. बारा महिने हिरवं असणं म्हणजे पान कधीच न गळणं, असं नसतं हो. नवं वर आलं की खालचं एखादं पिवळं होऊन गळतं, इतकं हळू की कुणाच्या लक्षात येत नाही. पण या घरातल्या सुनेच्या लक्षात आलं होतं. आजोबांचा चहा व्हायच्या आत ती अंगण झाडून घ्यायची आणि माझी दोन-चार पानं केरात लपवायची. एक शब्दही न बोलता आम्हा दोघींचं हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

काय दिवस होते ते! धुण्याचं शेवटचं पाणी चरातून माझ्या बुंध्याशी यायचं, थंड, जरासं निळसर. वाऱ्याने चादरी फुगायच्या, खळीचा वास सुटायचा, आणि दोन चादरींच्या मधल्या पांढऱ्या गल्लीतून एक पोरगी धावत यायची. या सुनेचीच लेक. तिचं नाव वेगळं आहे, पण आजोबा तिला ठिणगी म्हणायचे. "भट्टीतून उडालेली दिसते," ते हसायचे, "जिथे बसेल तिथे 'का' म्हणून चटका देते."

ते तिला कडेवर घेऊन माझी गुलाबी फुलं दाखवायचे. "बघायचं, तोंडात घालायचं नाही."

"का?"

"हिच्या अंगात विष आहे. म्हणून शेळ्या हिला खात नाहीत, म्हणून ही उन्हाळ्यातही टिकते. हात लावलास तर साबणाने धुवायचा."

हा नियम तिने कधीच मोडला नाही, कारण तो तिला कारणासकट मिळाला होता. बदामाचं मात्र ती विचारायची तेव्हा आजोबा इस्त्री जोरात आपटायचे, आणि विषय संपायचा.

मग पोरगी कॉलेजात गेली. एक दिवस माझं पान वहीत घालून घेऊन गेली आणि संध्याकाळी ओरडतच परतली. "आई, हिच्या पानाच्या पाठीवर बारीक बारीक खळगे आहेत! आणि खळग्यात केस! श्वास घ्यायची भोकं तिथे लपवून ठेवलीत, ओल उडून जाऊ नये म्हणून!" मला उगाच लाजल्यासारखं झालं. इतकी वर्षं माझी पाठ कुणी पाहिली नव्हती.

त्यानंतर पावसाने दोन वर्षं दगा दिला. विहीर तळाला गेली. शेवटचं पाणी आता पुढच्या गठ्ठ्याच्या पहिल्या धुण्याला वापरायला लागले. त्यात कुणाची चूक नाही, धंदा चालायला हवा. पण मग माझ्या वाट्याला आलं ते अगदी पहिलं पाणी, सोड्याचं, फेसाळ. ठिणगीचे बाबा रोज दोन बादल्या प्रेमाने ओतायचे आणि म्हणायचे, "पी बाई, पी."

तहान मला सोसते. माझी पानं जाड, वर मेणाचा हात फिरवलेला. दुपारी मी भोकं मिटून घेते, पानं उभी करते, म्हणजे ऊन कडेवरून निघून जातं. वाढ थांबवते, कळ्या आवरते. पण मुळाशी खार साचला की पाणी समोर असून ओढता येत नाही. पानांच्या कडा जळल्या. शेवटी मी हिशोबाने ठरवलं, खालची जुनी पानं सोडायची आणि शेंडे जगवायचे. एका आठवड्यात मी निम्मी पानं टाकली. तेवढी झाडून लपवणं सुनेच्या हातात राहिलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. एक पान नव्या हॉटेलच्या चादरीला चिकटलं. तोच विटकरी डाग.

काल सकाळी आजोबा काठी टेकत अंगणात आले. चादर त्यांच्या हातात होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला वाईट त्याचंच वाटलं.

"कुदळ आण," ते ठिणगीला म्हणाले.

बाबा म्हणाले, "वाळलीच आहे ती. भट्टीत घालू, तेवढंच जळण."

"भट्टीत? हिचा धूर विषारी असतो बाबा. अख्खी गल्ली खोकत दवाखान्यात जाईल, मग धुवा त्यांच्याच चादरी!" ठिणगी माझ्याजवळ आली आणि नखाने माझी साल खरवडली. आत हिरवं, ओलसर होतं. "ही वाळलेली आहे का? आजोबा, चष्मा लावा आणि बघा."

"हात धू आधी," आई म्हणाली.

"धुते गं." तिने पायाने माती उकरली. वर पांढरा थर होता. "आणि हे काय आहे? सोडा. तहानलेल्या जिवाला तुम्ही साबणाचं पाणी पाजताय."

बाबांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, पाणी ते पाणी..."

"ते काही असो," आजोबा म्हणाले, "पान पाडलंय तिने. या अंगणात नियम आहे."

तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सून आमचं गुपित बोलली. "ती नेहमीच पाडते, मामंजी. मी झाडून टाकत होते."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. आणि चादरी पांढऱ्याच गेल्या ना?"

"कुदळ आण म्हटलं ना मी!" आजोबांचा आवाज चढला.

ठिणगी कोपऱ्यात गेली, कुदळ उचलली आणि पाठीमागे धरली. मग दोरीपासून माझ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. दोन पावलं.

"आजोबा, दोरी पाच पावलं पलीकडे बांधली तर माझ्या दहा पिढ्यांत एक पान चादरीला लागणार नाही. खांब उपटायला अर्धा तास लागेल." ती बदामाच्या बुंध्याजवळ थांबली. टोपली उचलून खाली ठेवली. "त्या वेळी का नाही हलवली दोरी?"

आज आजोबांच्या हातात इस्त्री नव्हती आपटायला.

"कुदळ मी देणार नाही. आजही नाही आणि तुम्ही कितीही ओरडलात तरी उद्याही नाही."

बाबा दोरीकडे बघत राहिले. आजोबा बुंध्याकडे बघत होते, जणू तो कालच तोडला होता. तेवढ्यात माझं एक पिवळं पान सुटलं आणि आजोबांच्या चपलेजवळ पडलं. आईने झाडूला हात लावला नाही.