तिसऱ्या यंत्राची पुडी

तैवानमधल्या शिंचूच्या त्या उपग्रह केंद्रात यंत्रांना खाऊ ठेवायची पद्धत होती, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली की तिला कुणी हसत नसे. मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी, नारळाच्या चवीची. वर मोठ्या अक्षरांत नाव, ज्याचा अर्थ होतो शहाण्या बाळासारखं वाग. प्रत्येक मोठ्या यंत्रावर एक, म्हणजे यंत्र बिघडत नाही अशी समजूत. पुडी हिरवीच हवी, तिची तारीख उलटलेली नको, आणि ती माणसाने खायची नाही. डॉक्टरेट केलेली माणसंही हे मुकाट्याने पाळत.

पुड्या बदलायचं काम सफाईवाल्या युए-शिया मावशींकडे. नऊ वर्षं त्या दर अमावास्येला आणि पौर्णिमेला प्रत्येक पुडीची तारीख चष्मा लावून वाचत. लादी पुसण्याबद्दल त्यांना कुणी कधी बरं म्हटलं नव्हतं, पण पुड्यांबद्दल खुद्द संचालक फान साहेब म्हणायचे, "मावशी आहेत म्हणून आमचे उपग्रह उडतात." हे वाक्य त्या घरी जाऊन सुनेला ऐकवत.

त्या दिवशी सकाळी वरिष्ठ इंजिनिअर त्साओने तिसऱ्या यंत्रावरची पुडी खाल्ली.

तसा माणूस वाईट नव्हता. सासूला दवाखान्यात सोडून उपाशीपोटी आला होता, खोलीत कुणी नव्हतं, पोटात कावळे ओरडत होते. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने यंत्राच्या तोंडचा घास पळवावा, याला काय म्हणायचं? खाऊन झाल्यावर त्याने खणात पडलेली दुसरी हिरवी पुडी तिथे ठेवली, तारीख न बघता, आणि रिकामं वेष्टण बारीक घडी करून आपल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबलं.

दहा वीसला 'बगळा' डोक्यावरून जाणार होता. बगळा म्हणजे त्यांचा पावसावर नजर ठेवणारा छोटा उपग्रह, दर पावणेदोन तासांनी काही मिनिटं भेटणारा. त्याला सतरा अंश वळायला सांगायचं होतं. असा हुकूम पाठवताना एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ते परत म्हणायचे, मग दोघांनी कागदावर आपापल्या नावाचे लाल शिक्के मारायचे. त्साओची जोडीदार यून-हान खाली कुणाचं तरी पार्सल आणायला गेली होती. वेळ होत आली. तिचा शिक्का टेबलावरच होता. सतराच तर अंश, त्यात काय वाचायचं, असं म्हणत त्साओने दोन्ही शिक्के स्वतःच मारले. बोटं अजून तेलकट होती. सतराच्या जागी त्याने एकाहत्तर टाकले होते.

बारा पाचला बगळा आला आणि काहीच बोलला नाही.

त्साओने आपला आकडा तेव्हाच हळूच उघडून पाहिला. एकाहत्तर म्हणजे सौर पंखांवर ऊन नाही, बॅटरी फार तर संध्याकाळपर्यंत, आणि अँटेना भलतीकडेच. लगेच बोलायला हवं होतं. तेवढ्यात फान साहेब म्हणाले, "कागदावर दोन शिक्के आहेत, म्हणजे हुकूम बरोबर गेलाय. बिघाड वरच आहे. वादळ फिलिपिन्सच्या लुझोनपाशी येऊन ठेपलंय, हवामानवाले माझं डोकं खातायत, शोधा काहीतरी." मग सगळे बिघाड शोधायला लागले, आणि त्साओही मान घालून त्यांच्यात शोधायला लागला.

कुणाची तरी नजर तिसऱ्या यंत्राकडे गेली. "अरे, ही पुडी मार्चमध्येच संपलीय."

आधी सगळे हसले, मग एकेकाने आपल्या यंत्रावरच्या पुडीची तारीख पाहिली. फान साहेबांनी मावशींना बोलावलं. मावशींनी पुडी हातात घेतली, चष्मा लावला, तारीख वाचली. एकदा त्साओकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"चुकलं साहेब माझं."

"नऊ वर्षांत कधी नाही आणि नेमकं आजच, मावशी?"

सगळे बघत होते, काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून त्साओ बोलला. "जाऊ द्या हो साहेब. वय झालं की बारीक अक्षरं दिसत नाहीत."

लोक हसले. हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. पण गेलेलं वाक्य परत घ्यायचं सोडून तोही थोडा हसला.

मावशींनी नवी पुडी आणली, तिसऱ्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून आपल्या गावच्या बोलीत पुटपुटल्या, "लेकरा, शिळं खायला घातलं तुला. राग धरू नकोस. वरच्याला तेवढं बोलायला सांग." कमरेत तीनदा वाकल्या. गुडघे दुखत असल्याने तिसऱ्यांदा सरळ व्हायला त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

जेवणाच्या सुट्टीत यून-हानने त्साओला जिन्यात गाठलं. "त्साओदादा, मी शिक्का मारल्याचं मला आठवत नाही. मारला असेन ना?"

"मारला असशील," त्साओ म्हणाला.

ती मान हलवून गेली. तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि हेच त्याला सगळ्यात जड गेलं. तो जेवायला गेलाच नाही.

एक पन्नासची फेरीही कोरडी गेली. आता तीन पस्तीसची एकच फेरी उरली होती. त्साओ उठला.

"साहेब, बिघाड नाहीये. मी सतराच्या जागी एकाहत्तर टाकले. वाचून घेतले नाहीत. यून-हान इथे नव्हती, तिचा शिक्का मी मारला."

यून-हानचं तोंड लाल झालं. फान साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "केव्हा कळलं तुला?"

"बारा वाजता."

"आणि आत्ता किती वाजलेत?"

आता आकडा कळल्यामुळे बगळा कुठे तोंड करून बसलाय ते काढता आलं. त्याची अँटेना जेमतेम दीड मिनिट त्यांच्याकडे वळणार होती. त्या दीड मिनिटात सगळी ताकद लावून त्यांनी हाक मारली, खरा सतराचा हुकूम पाठवला, आणि पडद्यावर बारीकशी रेघ हलली. बॅटरीत अकरा टक्के शिल्लक होते. टाळ्या पडल्या. त्साओच्या वाट्याला त्यातली एकही नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

"तुझं उद्या बघू," फान साहेब त्याला म्हणाले. मग सगळ्यांचे चेहरे सैल करायला हसून म्हणाले, "पण पुडी शिळी निघावी आणि त्याच दिवशी याचा हात चुकावा, म्हणजे बघा. उद्यापासून पुड्या दुसऱ्या कुणाकडे द्या. मावशींना आता झेपत नाही."

दाराशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी हे ऐकलं. पुडीचं खरं सांगायची वेळ हीच, हे त्साओला कळत होतं. चुकलेला आकडा कबूल करण्यात निदान काही वजन होतं, चारचौघांत सांगण्यासारखी ती चूक होती. पण भर सकाळी यंत्रावरचा पोरांचा खाऊ खाल्ला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी घरी निघण्याआधी तो फडकी-बादल्यांच्या खोलीत गेला. मावशी चपला बदलत होत्या.

"मावशी, ती पुडी..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा कचऱ्याचा डबा मीच ओतते, साहेब. अकरा वाजताच ओतला होता."

त्साओ भिंतीला टेकला. म्हणजे पुडी हातात घेऊन त्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. वय झालं म्हणून तो सगळ्यांना हसवत होता तेव्हाही.

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या पोरांसमोर?" मावशींनाच नवल वाटलं. "मोठा माणूस तुम्ही. माझं काय, मी तीन वेळा वाकले की झालं." त्यांनी पिशवीत हात घालून एक पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. पिवळी होती. पिवळी कुणी यंत्रावर ठेवत नाही. "ही खणात ठेवा. हिरवी त्यांची, पिवळी तुमची. उपाशी कशाला राहायचं माणसाने?"

आणि छत्री घेऊन त्या बस पकडायला निघून गेल्या.

ती पिवळी पुडी तशीच हातात धरून त्साओ वर गेला. फान साहेबांच्या खोलीत अजून पाच-सहा जण होते, यून-हानही होती. ते जाईपर्यंत थांबावं असं त्याच्या मनात आलं. तो थांबला नाही.

"साहेब," तो दारातूनच म्हणाला, "तिसऱ्या यंत्राची पुडी मी खाल्ली."