घरजावई झालेला ढाण्या

आमचा संघ नागपूरला गेल्याचं आम्हाला पेपरातून कळलं. चंद्रपूरच्या ‘चांदा ढाण्या’चं रातोरात ‘नागपूर ढाण्या’ झालं. मालक म्हणे, चंद्रपुरात बास्केटबॉलला प्रेक्षक कमी. कमी? मी भद्रावती-चंद्रपूर एस.टी.वर कंडक्टर आहे. मॅचच्या दिवशी दाराला लोंबकळणारी माणसं मी स्वतः आत कोंबली आहेत. त्या बाबाने एकदा माझ्या गाडीतून यायला हवं होतं.

आमचं वैर ‘गडचिरोली गवे’ या संघाशी. मॅच असली की त्यांची माणसं वैनगंगा ओलांडून, सावली गावावरून गाड्या भरभरून यायची आणि आम्ही बायका त्यांच्यावर गाणी म्हणायचो. लग्नात सोयऱ्यांना चिडवायला म्हणतात ना, तीच. कोणाचं नाक, कोणाच्या आईची करपलेली भाजी, काही सोडायचं नाही. पलीकडून भामरागडची ललिता आमच्या गाण्यांची सव्याज परतफेड करायची. पुराने रस्ता तुटायच्या आत ती गडचिरोलीला बहिणीकडे येऊन राहायची, मॅच चुकू नये म्हणून. नियम लग्नातलेच. आपल्या घरच्या पोरावर गायचं नाही, परक्यावर गाणं वाया घालवायचं नाही. गायचं ते सोयऱ्यांवर, नाव घेऊन, आणि सोयऱ्यांनी रागवायचं नाही. शिवाय आमचा एक जास्तीचा नियम होता. आपला खेळाडू फ्री थ्रोला, म्हणजे एकट्याने बास्केटवर नेम धरायला, उभा राहिला की आम्ही चिडीचूप.

त्यातही पवन असला तर मी श्वाससुद्धा धरून ठेवायची. तो आमच्या शेजारचा. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतल्या उखडलेल्या कोर्टावर खेळून मोठा झाला. आई ड्यूटीवर असली की माझ्याच घरी जेवायचा, मॅचला डबाही माझाच न्यायचा. संघाबरोबर तोही नागपूरला गेला. त्याची नोकरी आहे, त्याला काय बोलणार? पण राग यायचा तो आलाच.

मग तिथल्या मॅनेजरचा फोन आला. पहिलीच मॅच गव्यांशी आहे, बस पाठवतो, टी-शर्ट देतो, जेवण देतो, तुम्ही फक्त गाणी म्हणा, म्हणाला. “ते आपलं कल्चर आहे, मॅडम.”

“आपलं म्हणजे कोणाचं जी?” मी विचारलं आणि फोन ठेवला.

आमच्या गाणाऱ्या बायकांतली गुणाबाई मात्र हळवी झाली. “जाऊ न बाई. पवनचं कोण हाये थ्या नागपुरात?”

तिसऱ्या दिवशी चक्क ललिताचा फोन. “सत्यशीलाबाई, तुमी नाई आल्या तं आमी गावं कोणावर? नागपूरवाल्याईले उलट गाताबी येत नाई. आमच्या बाजूनं बसा.”

गव्यांच्या बाजूने! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेलो. बारा जणी, आपल्या एस.टी.ने, आपल्या तिकिटावर, जुने चांद्याचे शर्ट घालून.

आम्हाला गव्यांच्या बाजूला बसलेलं पाहून मॅनेजर धावत आला. “मॅडम, तुमची जागा तिकडे आहे!”

“आमची जागा चंद्रपूरले होती,” मी म्हटलं. “थे तुमी विकली.”

मॅच संपायला दोन सेकंद होते. नागपूर दोन गुणांनी मागे, आणि फ्री थ्रोला पवन. दोन चेंडू, एकेका गुणाचे. गुणाबाईने सवयीने ओठांवर बोट ठेवलं. ललितानेही आपल्या बायकांना थांबवलं. “पोरगा तुमचा हाये बाई. तुमीच सांगा.”

गप्प बसले असते तर ती शांतताही त्या मालकाला फुकट मिळाली असती. मी उभी राहिले.

“घरजावई झाला गं, नवा शर्ट ल्याला गं,
भद्रावतीचा डबा बाई कोण्या घरी खाल्ला गं!”

पवनने वर पाहिलं. चेंडू त्याच्या हातातच राहिला. माझा आवाज फाटला, पण मी थांबले नाही. गुणाबाई रडत होती आणि माझ्याहून मोठ्याने गात होती. पहिला चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला. दुसरा आत पडला, पण नागपूर एका गुणाने हरलं ते हरलंच.

नंतर तो कठड्यापाशी आला. घामाने निथळत होता, डोळे लाल.

“काकू, मायावर गायली तू?”

“गायली. आता तू घरचा नाई राह्यला.”

“मंग परका झालो का?”

“परक्यावर कोणी गाते का रे?”

त्याने नव्या शर्टाने तोंड पुसलं. मग म्हणाला, “मायं नाव नाई घेतलं पण गाण्यात.”

नाव घ्यायला माझी जीभच वळली नव्हती. हे त्याला कशाला सांगू? “पुढच्या मॅचले घेईन,” मी म्हटलं. “याच बाजूनं बसून.”

“घे,” तो म्हणाला. “जोरात घे. म्हंजे मले कळंन, तू आली म्हणून.”