सहा वाजता जेवणारी माणसं

प्रवासाने माणसाचं मन विशाल होतं, दृष्टी व्यापक होते आणि जगाकडे पाहण्याची एक नवी खिडकी उघडते, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. वोबे पोस्तुमा विद्वान नव्हता. झ्वोले या डच गावच्या पाणी खात्यात पस्तीस वर्षं नदीचे बांध तपासून तो निवृत्त झाला होता, आणि प्रवासाने त्याचे आजवर फक्त पाय विशाल झाले होते. संध्याकाळी बूट काढायला दोन माणसं लागत.

दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको, हिल्के. गेल्या वर्षी प्रागच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर वोबेने बसकण मारली आणि जाहीर केलं, "एक किल्ला बघितला की सगळे बघितले. भिंत, भोक, तोफ." हिल्के ओरडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बरं. पुढच्या वर्षापासून मी रुलीनबरोबर जाते."

रुलीन ही हिल्केची थोरली बहीण. युरोपातली सव्वीस शहरं तिने 'केली' होती.

वोबेला शहरं आवडत नसत हे खरं. पण हिल्के नसलेलं घर त्याला त्याहून कमी आवडलं असतं. तिच्या बहिणीबरोबर ती एकदा गेली असती, तर दरवर्षी गेली असती. हे असलं बोलून दाखवायची पद्धत पोस्तुमांच्या घराण्यात नव्हती, म्हणून त्याने एवढंच म्हटलं, "अजून एकदा बघू की."

अजून एकदाच्या अटी हिल्केने ठरवल्या. रुलीनने यादी करून दिली: 'पोर्तो शहरात करायच्या माझ्या अकरा लाडक्या गोष्टी.' कागद तिने प्लास्टिकमध्ये पक्का बंद करून घेतला होता, म्हणजे पाऊस आणि अश्रू दोन्ही चालले असते. अकराच्या अकरा गोष्टी करायच्या आणि वोबेच्या तोंडून तक्रार निघता कामा नये.

"एक जरी निघाली ना," हिल्के म्हणाली, "तर पुढच्या वर्षी तू, मांजर आणि टीव्ही."

डच माणसाला पाच दिवस तक्रार करू नको म्हणणं म्हणजे एकाच नाकपुडीने श्वास घे म्हणण्यासारखं आहे. वोबेने तो घेतला. पहिल्या दिवशी तो घंटेच्या मनोऱ्यावर चढला. दोनशेवर पायऱ्या, वरून कौलं. मग तो पुस्तकांच्या एका दुकानासमोर रांगेत उभा राहिला. तिथे आत जाऊन लोक पुस्तकांचे सोडून सगळ्याचे फोटो काढत होते. "छान," वोबे म्हणाला. दुपारी निळ्या फरशांची भिंत. "छान." हिल्केने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

आणि मग सहा वाजले.

झ्वोलेत सहा वाजले की माणूस जेवतो. त्यात भुकेचा संबंध नसतो, सहा वाजलेले असतात. पोर्तोत मात्र साडेसातच्या आधी स्वयंपाकघराला कोणी हात लावत नाही. दोघं पाच गल्ल्या फिरले. सगळीकडे खुर्च्या टेबलांवर उलट्या. तक्रार वोबेच्या दातांपर्यंत आली होती, तेवढ्यात एका उताराच्या गल्लीत एक दार अर्धवट उघडं दिसलं. आत लांब टेबलाभोवती सहाजण बसून जेवत होते.

सहा वाजता माणसं जेवताहेत, याचा वोबेच्या मते जगात एकच अर्थ होता. तो आत शिरला, मान लववली आणि टेबलाच्या टोकाला बसला. शेजारी हिल्के.

मालकीण दोना लुर्देसबाईंना वाटलं, ही बेल्मीरोची माणसं असणार. त्यांचा हा वाढपी पंधरा वर्षं रॉटरडॅमच्या गोदीत काढून आला होता आणि असली उंच, फिकट माणसं त्याच्याच ओळखीची निघायची. बेल्मीरोला वाटलं, बाईंनी बोलावलंय. दोघांपुढे कोबीचं सूप आलं. मग खारवलेला मासा आणि उकडलेले बटाटे.

"बटाटे," वोबे पुटपुटला. त्याचा आवाज जरा ओला होता.

जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपापलं ताट उचललं आणि आत नेलं. चांगल्या घरात वाढलेली असल्यामुळे ही दोघंही गेली. आत हिल्केने बाह्या सरसावल्या आणि नळाखाली ताटं धरली. वोबेच्या हातात कोणीतरी सुरी दिली आणि पायाशी बटाट्यांची बादली सरकवली.

थोड्या वेळाने लुर्देसबाईंनी त्याने काढलेलं साल उचलून दिव्यापुढे धरलं. पलीकडचं सगळं दिसत होतं. त्यांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं.

"मालक," बेल्मीरो डचमध्ये म्हणाला, "साल काढताय की बटाट्याची दाढी करताय?"

"तुमच्या त्या पोराने अर्धा बटाटा सालाबरोबर फेकलाय."

"ते पोर म्हणजे मी."

"मग बस इथे. बघ."

साडेसातला पुढचं दार सताड उघडलं, टेबलांवर कापडं पडली आणि खरी गिऱ्हाइकं येऊ लागली. तेव्हा हिल्केच्या ध्यानात आलं की आपण हॉटेलात नाही, हॉटेलवाल्यांच्या पंगतीत जेवलो. ती कानापर्यंत लाल झाली. बेल्मीरोने बाईंना तो घोटाळा सांगितला, बाई पोट धरून हसल्या आणि काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" हिल्केने विचारलं.

"म्हणतात, उद्या कांदे आहेत."

दुसऱ्या दिवशी यादीतली पाचवी गोष्ट होती: नदीतून बोटीची फेरी, पुलांखालून, सहाची बोट. पावणेसहाला दोघं धक्क्यावर रांगेत उभी होती. पुढे एक वाढदिवसाची टोळी कागदी टोप्या घालून किंचाळत होती. वोबेने नदीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे नदी नव्हती, बादली होती. पण यादीवर बोट होती, आणि यादीविरुद्ध बोलणं म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे मांजर आणि टीव्ही.

"कसला विचार करतोयस?" हिल्केने विचारलं.

"भरती आहे. हातभर पाणी चढलंय."

"वोबे."

"खरंच चढलंय. तो शेवाळाचा पट्टा बघ."

"बोटीत जायचंय ना तुला?"

"हो तर. छान असते बोट."

रांग दोन पावलं सरकली. हिल्के सरकली नाही. मागच्या बाईने तिच्या पाठीला पिशवी लावली, तरी ती सरकली नाही.

"तू हसशील," ती म्हणाली.

"मी? मला परवानगी आहे का?"

"प्रागमध्ये मी तुला धमकी दिली. तुझ्याकडून वचन घेतलं. आता मीच काही बोलले, तर मरेपर्यंत ऐकवशील मला."

"ऐकवेन," वोबे प्रामाणिकपणे म्हणाला. "पण बोल."

"त्या बाईंना मी कांद्यांचं कबूल केलंय. आणि मला ही बोट नको, तो मनोरा नको होता, आणि त्या पुस्तकाच्या दुकानात माझ्या पायावर चौघं उभे राहिले. रुलीनला हे सगळं कसं आवडतं, मला कळत नाही!"

वोबेच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की कागदी टोपीवाल्या एकाने मागे वळून पाहिलं. तो म्हणाला, "सहाला सात कमी आहेत."

"मग धाव ना, माठ्या!"

वोबे त्या गल्लीच्या चढाने धावला. प्रागच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस तो हाच, हे कुणाला सांगून पटलं नसतं. उरलेल्या चारही संध्याकाळी दोघं सहाच्या ठोक्याला त्या टेबलाच्या टोकाला बसली. दिवसा त्यांनी काय केलं? बाकावर बसली, ट्राम शेवटपर्यंत जाते तिथवर जाऊन परत आली, एका बाजारात बटाट्याच्या जातींवरून भांडली. वोबेने तक्रारी केल्या, मुबलक. हिल्केनेही केल्या. पोर्तोबद्दल दोघांचं मत फार चांगलं झालं.

जुलैत रुलीनचा वाढदिवस आला. दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर केकचा एकेक तुकडा, दुसरा मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. रुलीनने गोलाच्या पलीकडून विचारलं, "मग? अकरातलं सगळ्यात लाडकं काय?"

वोबेने मनात हिशोब केला. खरं सांगितलं, तर रुलीन म्हणणार, अगं, या माणसाबरोबर जाऊन तुझं काय होणार, पुढच्या खेपेला मीच दाखवते तुला शहर.

"बटाटे सोलणं," हिल्के म्हणाली.

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

"असं," रुलीन म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, पण तिने केक पुढे खाल्ला. "बरं झालं. मला वाटत होतं, तू मागे लागशील पुढच्या वर्षी बरोबर यायला. नॉर्वेच्या बोटीत आता जागाच नाही. मी आणि आमच्या भजनी मंडळातली हर्मीन, खोली दोघींचीच आहे."

वोबेने हिल्केकडे पाहिलं. हिल्केने केककडे पाहिलं. प्रागच्या पायऱ्यांवरची ती धमकी रुलीनच्या कानावर कधी गेलीच नव्हती, आणि नॉर्वेचं तिने जानेवारीतच पक्कं केलं होतं.