उलटे टांगलेले पातेले

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे पातेले आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या भांड्यांनी आपली गोष्ट गोड आवाजात सांगावी असे लोकांना वाटते. माझ्याकडून ते होणार नाही.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. आतून पांढरी कल्हई केली. कल्हईचा थर नसेल तर तांब्यात आंबट अन्न कळकते आणि खाणाऱ्याला बाधते. मग एका नवराबायकोने मला विकत घेतले. गोदामांच्या गल्लीत त्यांची छोटी खानावळ होती. चार बाकडी, एक मोरी, एक मोठी शेगडी. बाई रांधायच्या. मालक कांदा चिरायचे आणि वाढायचे. माझ्यात रोज बटाट्याचा रस्सा शिजायचा आणि हमाल, ड्रायव्हर, शेजारच्या छापखान्यातली माणसे तो खायची.

बाईंचा हात सढळ होता आणि जीभ तिखट. कोणी ताटात टाकले की त्या म्हणायच्या, "घरी बायकोसमोर टाकून दाखव." तो माणूस मुकाट्याने ताट पुसून खायचा. माझी कल्हई झिजली की त्या स्वतः मला घेऊन कल्हईवाल्याकडे जायच्या. मालकांना पाठवायच्या नाहीत. "तुम्ही गप्पा मारत बसाल आणि तो थातूरमातूर करून देईल," म्हणायच्या.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. खानावळ बंद झाली. मालकांना चहापलीकडे काही करता येत नव्हते. ते मला पुसायचे, आत बघायचे आणि झाकण ठेवून द्यायचे.

एके दिवशी एक मॅनेजर घरी आला. शहरात मोठा फूड हॉल उघडणार होता. एका छताखाली वीस स्वयंपाकघरे, संगमरवरी टेबले, उंच खुर्च्या. त्याला जुनी भांडी हवी होती. "काका, आमच्याकडे हे मानाने राहील," तो म्हणाला.

मालकांनी एकच विचारले, "यात रोज शिजेल ना?"

"रोज शिजेल, काका. शंभर टक्के."

मालकांनी पैसे घेतले नाहीत. शिजणार म्हणून दिले.

मित्रांनो, त्यांनी माझे काय केले ते ऐका. माझ्या बुडाला भोक पाडले. आतली कल्हई घासून काढली, कारण दिव्याच्या उजेडात लाल तांबे छान दिसते. बाहेरून चकचकीत लाख फासली. भोकातून वायर घातली, पोटात बल्ब लावला आणि मला छताला उलटे टांगले. ज्या बुडाने इतकी वर्षे आच सोसली ते बूड वर, आणि तोंड जमिनीकडे. बल्बने मी रोज तापायचे, पण शिजायचे काहीच नाही.

आणि खाली काय चालायचे? माणसे यायची, लहानशा घासाचे फोटो काढायची, तो गार व्हायचा. अर्धे खाऊन उठायची. उरलेले काळ्या पिशवीत. बाई असत्या तर एकेकाला परत खाली बसवले असते. मी नुसते लटकत होते.

काही महिन्यांनी मालक तिथे जेवायला आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बरोबर बाईंची धाकटी बहीण होती. योगायोगाने ते माझ्याच खाली बसले. मालक वेटरला म्हणाले, "तुमच्याकडे मोठं तांब्याचं पातेलं आहे ना, त्यात शिजवलेलं काहीही आण. दोन प्लेट."

"कोणतं पातेलं, सर?"

"अरे, पन्नास माणसांचं. आत विचारून ये."

वेटर आत जाऊन आला. "सर, आमच्याकडे सगळं स्टीलचं आहे."

उजेड डोळ्यावर येतो म्हणून बहिणीने मान वर केली होती. ती तशीच राहिली. "भावोजी, वर बघा. ताईचं पातेलं उलटं टांगलंय."

माझ्या कडेला एक पोचा आहे. एकदा मी मोरीत पडले होते तेव्हाचा. मालकांनी तो ओळखला आणि मॅनेजरला बोलावले.

"काका, किती सुंदर दिसतंय बघा," मॅनेजर म्हणाला. "लोक खास याचे फोटो काढतात."

"मी शिजवायला दिलं होतं."

"हो, पण आता ते आमच्या थीमचा भाग आहे."

"थीम गेली खड्ड्यात," बहीण म्हणाली. "खाली काढा."

"मावशी, जरा हळू. मी तुम्हाला आमच्यातर्फे दोन डेझर्ट देतो."

"आम्हा दोघांनाही साखर आहे," मालक म्हणाले. "पातेलं द्या."

मॅनेजर म्हणाला, वरून परवानगी लागेल, वेळ लागेल. मालक म्हणाले, लागू दे, आम्ही बसतो. बहिणीने बाजारातून आणलेले मटार पिशवीतून काढले आणि संगमरवरी टेबलावर सोलायला घेतले. मालकही सोलू लागले. दाराशी टेबलासाठी रांग लागली होती. मॅनेजर तीनदा येऊन हात जोडून गेला. सालांचा ढीग वाढत गेला. मग रांगेतले लोक त्या ढिगाचे फोटो काढू लागले आणि मॅनेजर घाबरला. परवानगी लगेच मिळाली. वायरमन शिडी घेऊन आला.

कल्हईवाल्याने मला पाहिले आणि एक सणसणीत शिवी दिली. भोकाला तांब्याचे ठिगळ मारले, लाख खरवडली, नवी कल्हई केली. या वेळी मालक त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्याचे हात बघत बसले.

घरी पहिल्या रश्श्यात त्यांनी मीठ दोनदा घातले. इमारतीतली माणसे वाट्या घेऊन आली होती. ती पाणी पीत पीत जेवली. बहीण म्हणाली, "भावोजी, ताई असती तर रश्श्यात तुम्हालाच घातलं असतं."

"घातलं असतं," मालक म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले.

माझा राग गेलेला नाही. ठिगळाच्या कडेने अजून थोडे पाझरते, आणि ते कायमचे आहे असे कल्हईवाला म्हणतो. माझ्यासारखी किती भांडी अजून छताला लटकत आहेत मला माहीत नाही. मित्रांनो, घरातले माणूस गेले तर त्याची भांडी शोभेला देऊ नका. वापरा. पोचे पडू देत, बूड काळे होऊ दे. कोणी म्हणाले, मानाने ठेवतो, तर त्याच्या हातातून भांडे काढून घ्या. आम्हाला मान नको. खाली आच हवी आणि आत अन्न हवे.