उपवासाचं दळण

मी पिठाची गिरणी. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत बसते आणि दिवसभर खडखडते. गोड बोलायला मला जमत नाय, आधीच सांगते.

माझी मालकीण सरूबाई, देवगाव रंगारीची. नवरा वाळूजला कंपनीत पाळीवर जायचा, आणि हिनं एका बुडालेल्या गिरणीवाल्याकडून मला उचलून आणलं. पहिल्या दिवसापासून माणसं दारात उभी राहून विचारायची, मालक कुठंयत? ही पिठाचे हात झटकत म्हणायची, मीच. तरी मेले आत डोकावून बघायचे. दळणाचा डबा बायकोच्या डोक्यावर देताना ह्यांना काय वाटत नाय, पण गिरणी बाईनं चालवली की लगेच पोटात दुखतं.

सरूबाईला एक खोड. दळायला आलेली बाई जरा चुणचुणीत दिसली की ही तिच्या मागं लागायची, तू धंदा का करत नाय म्हणून. एकीला तिनं पापडाला लावलं, एकीला आमटीच्या येसर-मसाल्याला. पहिलं वर्षभर त्यांचं दळण फुकट. धंद्यात मोठ्या झाल्यावर त्यातल्या काही जणी हिला हळदीकुंकवाला बोलवायलाही विसरल्या. मला लई राग यायचा, हिला नाय.

मग आली भागूबाई. तिला भगर, राजगिरा आणि साबुदाण्याचं उपवासाचं पीठ विकायचं होतं. नवऱ्यानं एवढ्या नवरात्राचीच मुभा दिलेली. माल खपला तर ठीक, नाहीतर पुन्हा धंद्याचं नाव काढायचं नाय.

अडचण एकच होती. ज्या दगडात ज्वारी दळली, त्यातलं पीठ उपवासाला चालत नाय. म्हणून सरूबाईनं घटस्थापनेआधी माझे दगड काढून छिन्नीनं टाकी लावून घेतली, धुऊन उन्हात वाळवले, आणि ज्वारीच्या डब्यांना सांगितलं, दसऱ्यानंतर या. रोजची गिऱ्हाइकं नाक मुरडत समोरच्या बद्रीनाथाच्या गिरणीत गेली.

गिऱ्हाइकं आयती मिळाली, तरी त्या मेल्याचं पोट भरेना. किराणा दुकानांना उपवासाचं पीठ वर्षानुवर्षं तोच द्यायचा ना! तो दुकानादुकानांत सांगत सुटला, की सरूबाई मागच्या दारानं ज्वारी दळते. तिसऱ्या माळेला भागूबाईच्या पिशव्या दुकानांतून परत आल्या. ती माझ्यापुढं बसून रडली. आता घरी काय सांगू, एवढंच म्हणत राहिली.

सरूबाईनं मोटर बंद केली, पट्टा उतरवला आणि भर गल्लीत माझा वरचा दगड काढून ठेवला. उपवास धरलेल्या बायकांना हाका मारून बोलावलं. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घालून बघितलं. भगर-राजगिऱ्याच्या पिठाशिवाय काय निघालं नाय. चारचौघांत असं उघडं पडायला मला आवडलं नाय, पण त्या दिवशी मी गप बसले.

मग सरूबाई समोर गेली, बायका तिच्या मागं.

"बद्रीभाऊ, माझी उघडली. आता तुमची उघडा."

तो म्हणाला, बायकांनी गिरणीत शिरायचं नसतं. मग म्हणाला, मोटर गरम आहे, उद्या या. तेवढ्यात त्याची बायको मनकर्णाबाई घरातून बाहेर आली. ती दरसाल नऊ दिवसांचे उपवास धरायची, नवऱ्याच्याच पिठावर.

"उघडा की," ती म्हणाली. "मी तेच पीठ खाते ना."

बद्रीनाथ तिच्याकडं बघेना. दाराला हात लावून नुसता उभा राहिला. गिरणी त्यानं उघडली नाय, आणि गल्लीला काय कळायचं ते कळलं. संध्याकाळपर्यंत दुकानदारांनी भागूबाईच्या पिशव्या मागवून घेतल्या.

आता माझे दगड झिजलेत. ज्वारीसाठी सरूबाईनं दुसरी गिरणी घेतलीय, माझ्यावर फक्त उपवासाचं दळतात. भागूबाईचं पीठ जालन्यापर्यंत जातं.

पण मला आठवते ती चौथ्या माळेची सकाळ. माझ्यापुढं पहिलं दळण आलं ते मनकर्णाबाईचं. डोळे सुजलेले. तिनं सरूबाईला विचारलं, "माझे इतक्या वर्षांचे उपवास वाया गेले का गं?"

सरूबाईनं तिचा हात धरला. म्हणाली, "तुझे नाय गं माय."

बद्रीनाथाला मी माफ केलं नाय, करणारही नाय. आणि तुम्हालाही सांगून ठेवते. बाईच्या धंद्यात खोट काढायला निघाल, तेव्हा आपल्या घरच्या बाईला काय खाऊ घालता ते आधी बघून निघा.